दात काढण्याआधी दोन प्रश्न

गाल सुजला की आमच्या नळदुर्गात पहिलं निदान घरातच होतं, "दाढ किडली आसंल!" दुसरं शेजारीण करते, तेही हळू आवाजात, "गाठ दिसतीया, कॅन्सर तर न्हाई ना?" पण या दोन्हींखेरीज तिसरं काही असू शकतं, हे आपल्याला कोणी सांगतच नाही.

जबड्यात कधीकधी नेहमीच्या हाडाच्या जागी तंतू आणि कच्चं हाड तयार होतं. हा कॅन्सर नव्हे. याचे मुख्य प्रकार तीन आणि तिन्हींचे उपचार वेगळे.

पहिला, फायब्रस डिस्प्लेशिया. बहुधा लहान वयात सुरू होतो. एका बाजूचा गाल न दुखता हळूहळू वाढतो. मोठेपणी वाढ बहुतेकदा मंदावते, म्हणून डॉक्टर पुष्कळदा वाट पाहतात. मुलीचा चेहरा वाकडा दिसला की आईला लग्नाची काळजी लागते. मैत्रिणींनो, हा दोष आनुवंशिक नाही. आईबापाकडून येत नाही, तिच्या मुलांनाही जात नाही. स्थळ घेऊन येणाऱ्यांना हे ठणकावून सांगा.

दुसरा, ऑसिफाइंग फायब्रोमा. ही खरी गाठ, बायकांत जास्त आढळणारी. ती वाढत राहते, म्हणून शस्त्रक्रिया करून काढावी लागते.

तिसरा, सिमेंटो-ऑसिअस डिस्प्लेशिया. हा मुख्यतः तिशी-चाळिशीपुढच्या बायकांचा. बऱ्याचदा खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी होतो. दुखत नाही, पण सुरुवातीला एक्स-रेत काळा डाग दिसतो, अगदी पू झाल्यासारखा. मग चांगल्या दातांचं रूट कॅनल होतं, नाहीतर ते उपटले जातात. खरं तर दाताला गार लावून तो जिवंत आहे का, हे लगेच बघता येतं. निदान पक्कं झालं की बहुधा नुसतं लक्ष ठेवायचं. उलट तिथला दात उपटला किंवा तुकडा काढला, तर जखम चिघळण्याची भीती.

सूक्ष्मदर्शकाखाली हे तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. फरक एक्स-रेत कळतो. पहिला घासलेल्या काचेसारखा, आजूबाजूच्या हाडात मिसळलेला. दुसऱ्याची कड स्पष्ट. म्हणून वय, चेहरा, एक्स-रे आणि गरज असेल तिथे तुकडा, हे सगळं एकत्र पाहूनच नाव ठरतं.

माझं म्हणणं एवढंच, की दवाखान्यात "तुम्हीच विचारा" म्हणून नवऱ्याकडे बघू नका. स्वतः विचारा, "हा दात जिवंत आहे का? तुकडा तपासणाऱ्याला एक्स-रे दाखवला का?" शंका राहिली तर सोलापूर गाठा. एसटीचं भाडं लागतं, एक दिवसाचा रोज बुडतो, मान्य आहे. पण उपटलेला दात पुन्हा लागत नाही. जुने एक्स-रे जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतात.

आणि सूज भराभर वाढली, ओठ बधिर झाला किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर मात्र सणवार, लग्नसराई काही बघू नका, तडक डॉक्टरकडे जा.