अर्धा वाटा आणि शून्य वाटा

भोसरी असो की चाकण, चहाच्या टपरीवर मुस्लिम कायद्याचा विषय निघाला की आपल्यातलाही एखादा शिकलेला भाऊ पटकन म्हणतो, "त्यांच्यात मुलीला निम्माच वाटा!" खरं आहे. मुलगा-मुलगी दोघंही वारस असतील तर मुलीला मुलाच्या निम्मं मिळतं. पण त्या भावाला आमचा उलट प्रश्न आहे : तुझ्या घरच्या सातबाऱ्यावर तुझ्या बहिणीचं नाव आहे का?

आधी विद्यापीठांत काय चाललंय ते पाहू. इस्लामी वारसा-नियोजनावर अलीकडे बरंच संशोधन झालंय, त्यातलं मोठं काम मलेशियातलं. विषय ठरलेले : फराइज, म्हणजे धर्माने ठरवून दिलेले वाटे, वसीयत, म्हणजे कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतचं मृत्युपत्र, हिबा, म्हणजे हयातीतच ताबा देऊन केलेलं दान, आणि वक्फ. पद्धतही बहुधा ठरलेली : शहरी नोकरदारांना प्रश्नावली द्यायची आणि 'जागरूकता' मोजायची. हे काम निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. मुलीला बरोबरीने द्यायचं असेल तर बापाला हिब्याची वाट मोकळी आहे. पण सगळं मुलांच्या नावावर करून मुलीला वगळायलाही तोच हिबा चालतो. हत्यार कुणाच्या हातात आहे, हे जागरूकतेच्या टक्केवारीत दिसत नाही.

आणि ज्याच्याकडे कागदच नाही त्याचं काय? फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामं आणि वर्कशॉप जमीनदोस्त केली. तिथे भंगाराचा धंदा करणाऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम मोठ्या संख्येने होते. पत्र्याची शेड आणि उधारीची वही, एवढीच ज्याची इस्टेट, त्याच्या विधवेला मुलं असताना मिळणारा एक अष्टमांश वाटा कशाचा काढायचा? चाकणच्या ठेकेदारी कामगाराची इस्टेट म्हणजे त्याचा पीएफ. तिथे नॉमिनेशन भरलेलं आहे की नाही, हा त्याच्या घरचा खरा वारसाप्रश्न आहे.

आता आपल्या घरात येऊ. हिंदू उत्तराधिकार कायदा 17 जून 1956 ला लागू झाला, धम्मदीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ला झाली. धर्म बदलला, पण कलम 2 नुसार बौद्धांचा वारसा आजही याच कायद्याने ठरतो. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडण्यामागचं एक मोठं कारण होतं. पुढे 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. 2005 मध्ये बाप हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

आणि प्रत्यक्षात? एमआयडीसीमुळे जमिनीला सोन्याचा भाव आला की भावांना बहीण आठवते. साडीचोळी होते, जेवण होतं, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही होते. सही नाही केली तर माहेर तुटतं. "आमच्याकडे जमीनच कुठे आहे?" ही पळवाट आहे. वतनाचा तुकडा, घरकुल, झोपडीचा फोटोपास, काहीतरी असतंच, आणि तेही बहुतेक वेळा भावाच्याच नावावर जातं. कागदावर त्यांच्या मुलीला अर्धा वाटा, आपल्या मुलीला पूर्ण. हक्कसोड झाली की दोघींच्या हातात शून्य.

म्हणून अर्ध्या वाट्याचं समर्थन करायचं का? मुळीच नाही. अर्धा वाटा हा अन्यायच आहे. हमीद दलवाईंनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं केलं, ते मुस्लिम स्त्रीच्या समान हक्कांसाठीच. पण ती मागणी समतेतून यायला हवी. मुसलमानाला हिणवण्यासाठी त्याच्या बहिणीचा कैवार घेणाऱ्याला समतेशी देणंघेणं नसतं. त्या टोळक्यात आंबेडकरी तरुण शोभत नाही.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, प्रबंधाचा विषय परदेशात शोधू नका. खेड आणि हवेली तालुक्यांतली हक्कसोडपत्रं वाचा. सही करणाऱ्या बहिणींना भेटा, मग त्या बौद्ध असोत, मराठा असोत की मुस्लिम. आणि बाकीच्यांनो, यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी एवढंच करा : तलाठ्याकडे जाऊन आपल्या घरची वारसनोंद काढा. बहिणीचं नाव नसेल तर आधी ते लावा. टपरीवरचं भाषण त्यानंतर.

जय भीम!