जाड तारेची मिजास

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या दोन तरुणांची ओळख झाली की बोलणे फार वेळ गाण्यांवर राहत नाही. ते तारांवर येते. 'कितीच्या लावतोस?' उत्तर 'नाइन' आले तर समोरचा समजुतीने मान हलवतो. 'टेन' आले तर बरोबरीचा मानतो. 'इलेव्हन' म्हणणाऱ्याच्या आवाजातच किंचित जडपणा आलेला असतो. हा आकडा म्हणजे सेटमधल्या पहिल्या, सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. पण तो सांगितला जातो व्यायामशाळेत उचललेल्या वजनासारखा. या मिजाशीमागे एक समजूत आहे, जाड तार म्हणजे जाड सूर. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत तिच्यात तथ्य फार थोडे आहे, आणि तिच्यापायी कित्येक नवशिक्यांची बोटे आणि उमेद दोन्ही सोलून निघतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समजूत उगाच जन्मली नाही. साध्या, लाकडी पेटीच्या गिटारला ती बरोबर लागू पडते. तिथे तारेला स्वतःच्या जोरावर ब्रिज आणि पुढची फळी हलवावी लागते. जाड, ताणलेली तार जास्त जोर लावते, म्हणून आवाज मोठा आणि भरीव येतो. विजेवरच्या गिटारचा कारभार वेगळा. पिकअपमधल्या चुंबकावर पोलादी तार हलली की भोवतीच्या वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तो मोठा करण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो. तारेने फळी हलवण्याची गरज उरत नाही. आवाजाची बटणे ॲम्पवर असतात. जाड तारेत लोखंड जास्त, म्हणून पिकअपमधून थोडे जास्त निघते हे खरे. पण तेवढे तर पिकअपची उंची ठरवणारा स्क्रू थोडा फिरवूनही मिळते.

गंमत अशी की गिटार विजेवर आली तरी तारा बराच काळ जुन्याच राहिल्या. १९५०च्या दशकात मिळणाऱ्या सेटमधली तिसरी तारसुद्धा वेढ्यांची, म्हणजे वरून दुसरी तार गुंडाळलेली, चांगली जाडजूड असे. ती बाजूला ओढून सूर चढवणे म्हणजे, ज्याला गिटारवाले 'बेंड' म्हणतात आणि सतारीवर ज्याला मींड म्हणतात ते काम, जवळजवळ अशक्य. मग वादक युक्त्या करीत. पहिलीच्या जागी बँजोची बारीक तार लावायची, मूळची पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी असे एकेक घर सरकवायचे आणि सेटमधली सर्वांत जाड सहावी फेकून द्यायची. गायक रिकी नेल्सनबरोबर वाजवणारा जेम्स बर्टन हे या बँजोवाल्यांतले ठळक नाव. अमेरिकेतल्या त्या काळच्या कित्येक तबकड्यांतले लवचीक, लाडिक सूर अशा पळवाटेने आलेले आहेत.

कॅलिफोर्नियात टारझाना येथे अर्नी बॉल नावाच्या गृहस्थाने १९५८ साली दुकान काढले. फक्त गिटारी विकतो म्हणून लोक त्याला हसत. शिकायला येणाऱ्या पोरांना ती वेढ्यांची तिसरी तार दाबता येत नाही, हे त्याच्या नजरेत आले. बारीक तारांचा सेट काढा म्हणून तो फेंडर कंपनीकडे गेला. कंपनीने रस दाखवला नाही. तेव्हा त्याने १९६२ साली स्वतःच एका कारखान्याकडून हवे तसे सेट बनवून घेतले, तिसरी तार साध्या पोलादाची ठेवली, आणि त्यांना 'स्लिंकी' असे नाव दिले. आज ज्याला आपण सरसकट 'टेनचा सेट' म्हणतो, १० पासून ४६ पर्यंतचा, तो मुळात अशा 'हलक्या' तारांच्या घरातला. आज तो मधला, सभ्य, सर्वमान्य समजला जातो. त्या वेळी तो मऊ आणि पोरकट वाटला असणार.

मग जाड तारेला पुन्हा प्रतिष्ठा कुणी दिली? टेक्सासच्या स्टीव्ही रे व्हॉनने. १९८३ साली त्याची 'टेक्सास फ्लड' ही तबकडी आली आणि त्या गिटारच्या आवाजाने भल्याभल्यांची झोप उडाली. हा माणूस तेराच्या तारा लावतो, ही बातमी सुरांपेक्षा वेगाने पसरली. तेव्हापासून तेरा हा आकडा ब्लूजच्या पंथात मंत्रासारखा म्हटला जातो. मंत्राचा उरलेला भाग मात्र कुणी म्हणत नाही. व्हॉन सगळी गिटार अर्ध्या सुराने खाली उतरवून वाजवत असे. एवढ्याने ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. त्याचे हात दणकट होते, आणि गिटारला उंच, जाड फ्रेट बसवलेले होते. तरीही बोटांची टोके फाटत, आणि तो ती सुपरग्लूने चिकटवून पुन्हा मंचावर जाई. बोटांची आणि नखांची अवस्था पाहून तारांची जाडी बदलत असे. असल्या माणसाचा एक आकडा उचलून आपल्या गिटारला लावणे म्हणजे त्याचा सूर घरी आणणे नव्हे. त्याचा सूर त्याच्या उजव्या हाताच्या फटक्यात, डाव्या हाताच्या कंपात आणि दणाणणाऱ्या ॲम्पमध्ये होता. तेराच्या तारा त्या फटक्याला तग धरत, सुरावरून घसरत नसत, म्हणून त्याला त्या सोयीच्या होत्या. ज्याचा हात हलका आहे त्याला त्या फक्त कडक लागतात.

टेक्सासचाच दुसरा गडी पाहा, झीझी टॉप या बँडचा बिली गिबन्स. पूर्वी तोही जाड तारावाला. ब्लूजचे उस्ताद बी. बी. किंग यांनी एकदा त्याची गिटार हातात घेऊन वाजवून पाहिली आणि एवढी मेहनत कशासाठी करतोस, असे त्याला विचारले. ही हकिकत गिबन्सने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. आता तो सातच्या तारा लावतो. त्याच्या गिटारचा आवाज पातळ आहे असे म्हणणारा अजून आम्हाला भेटलेला नाही.

आणि ज्या आवाजाला 'हेवी' हे विशेषणच चिकटले, त्या आवाजाचा जनक टोनी आयोमी. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, सतरा वर्षांच्या या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि टोपणांखाली दाबता याव्यात म्हणून बँजोच्या तारा आणून लावल्या, कारण एवढ्या बारीक तारा गिटारसाठी तिथे त्याला मिळतच नव्हत्या. पुढे त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या तिसऱ्या तबकडीच्या वेळी, १९७१ साली, त्याने गिटार तीन अर्धसुरांनी खाली उतरवली. तारा आणखी ढिल्या झाल्या. सगळ्या जगाने ज्या आवाजाला जड म्हटले तो आठ-नऊच्या ढिल्या तारांवर उमटलेला आहे. जडपणा ट्रेबल बूस्टरचा आणि लेनी कंपनीच्या ॲम्पचा होता, उतरवलेल्या पट्टीचा होता, आणि अर्थात त्या माणसाचा होता.

मग जाडीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि मोठा पडतो, पण तो आधी बोटांना कळतो. नऊ आणि दहा यांत अंतर पाव मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचे, डोक्याच्या केसाहूनही कमी. परंतु त्याच सुराला लावलेल्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या साडेपंचवीस इंच तारलांबीवर पहिली तार नऊची असेल तर सुमारे ६ किलो ओढते, दहाची असेल तर ७ किलोच्या वर. बेंड करताना बोट सरकवायचे अंतर तेवढेच राहते, जोर मात्र जवळजवळ सव्वापट लागतो. गिब्सनच्या गिटारची तारलांबी पाऊण इंचाने कमी, त्यामुळे तिच्यावर तोच सेट साधारण सहा टक्के सैल लागतो. म्हणूनच फेंडरला नऊ आणि गिब्सनला दहा असा जो रिवाज पडला तो अगदीच अडाणी नाही. 'दहाच्या तारा' असे नुसते म्हणण्याला फारसा अर्थ नाही. कोणत्या गिटारवर, कोणत्या पट्टीत, हे सांगितल्याशिवाय आकडा अर्धाच राहतो.

ज्याचा उजवा हात जोरकस आहे त्याच्या हाताखाली फार बारीक तार फटक्यासरशी सुरावरून वर चढते आणि मग खाली येते. डावा हात दाबून धरणारा असेल तर सगळे कॉर्ड किंचित चढे वाजतात. अशाने दहा किंवा अकराकडे जावे, त्याचा आवाज खरोखर सुधारेल. हलक्या हाताच्या वादकाचा आवाज उलट जाड तारेवर कोमेजतो, कारण कंप भित्रा होतो आणि बेंड सुरापर्यंत पोहोचत नाही. ऐकणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला एवढेच ऐकू येते की हा माणूस बेसूर आहे.

धातूचेही असेच. वेढ्याच्या तारांवरचा वेढा शुद्ध निकेलचा असेल तर आवाज जरा मवाळ, निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असेल तर उजळ, स्टेनलेस स्टीलचा असेल तर आणखी चकचकीत. आणि वेढा चपटा असेल तर जॅझवाल्यांना आवडतो तसा गोल, बंद आवाज. हे फरक स्वच्छ आवाजात ऐकू येतात. डिस्टॉर्शनचे बटण पुरते फिरवल्यावर निकेल आणि स्टील ओळखून दाखवणाऱ्याला आम्ही चहा पाजू.

या सगळ्याहून मोठा फरक ज्याचा, त्याची चर्चा कुणी करत नाही: तारा किती जुन्या आहेत. घाम आणि कातडीचा मळ वेढ्यांत बसतो, वरचे झंकार मरतात. फ्रेटखाली तारेला खाचा पडतात, आणि मग बाराव्या घरावरचा सूर जुळत नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत पावसाळ्यातल्या तारेवर तर पाहता पाहता तांबूस बुरशीसारखा गंज धरतो. बोट सरकवले की खरखर. कपड्यांसाठी गोरटेक्स बनवणाऱ्या गोर कंपनीने १९९७ साली 'इलिक्सर' या नावाने तारांवर बारीक पॉलिमरचे वेष्टण आणले. महाग आहे. समुद्राजवळ राहणाऱ्याला मात्र ते परवडते, कारण दर महिन्याला साधा सेट बदलण्यापेक्षा हिशेब बरा बसतो. काहींना त्याचा गुळगुळीत स्पर्श आवडत नाही. त्यांनी वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, तारेच्या खालच्या अंगानेसुद्धा. वर्षभर न बदललेल्या गंजक्या तारांवर बसून नाइन की टेन याचा वाद घालणारे महाभाग आहेत, आणि ते थोडे नाहीत.

पट्टी उतरवणाऱ्यांची गोष्ट निराळी. ज्यांना सहावी तार सी किंवा त्याखाली न्यायची आहे, त्यांना अकरा-बाराचा आणि खाली चांगल्या जाड तारांचा सेट लागतो. आयोमीसारखी सवय झालेले हात विरळा. इतरांची सैल तार फ्रेटवर आपटते, सूर डगमगतो. स्लाइड वाजवणाऱ्यालाही काचेच्या नळीखाली न दबणारी तार हवी. इथे जाडी मिरवायची नाही, ती कामाची आहे. घटलेला ताण ती भरून काढते.

आणि सेट बदलणे म्हणजे नुसत्या सहा तारा बदलणे नव्हे, हे दुकानात कुणी सांगत नाही. नऊचा पुरा सेट गिटारच्या मानेवर सुमारे ३९ किलोंची ओढ आणतो, दहाचा सुमारे ४७. आठ किलो जास्त आले की मान पुढे झुकते, स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज उचलला जातो, मानेच्या टोकाच्या नटच्या खाचेत जाड तार अडकून ट्यूनिंग घसरते. मुलगा म्हणतो, गिटार बिघडली. आई-बाप म्हणतात, आत्ताच तर एवढे पैसे भरले. बिघडलेले काहीच नसते. मानेतल्या ट्रस रॉडला पाव फेरा, मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे आवळणे, नटची खाच कानशीने किंचित रुंद करणे, ब्रिजवर प्रत्येक तारेची लांबी पुन्हा जुळवणे, एवढेच काम असते, आणि जाणत्या माणसाकडे ते एका बैठकीत होते. मुंबईच्या धोबीतलावपासून गावोगावच्या वाद्यांच्या दुकानांपर्यंत काउंटरवरच्या माणसाने सेट पुढे सरकवण्याआधी विचारावे: गिटार कोणती, पट्टी कोणती, आणि आत्ता गिटारवर असलेल्या तारा कधी लावल्या होत्या?