कुबट, आंबूस, करपट आणि माहितीपुस्तिका

मराठीत वासासाठी शब्दांची ददात नाही. न वाळलेल्या कपड्यांचा वास कुबट, बिघडू लागलेल्या आमटीचा आंबूस, जुन्या खोबऱ्याचा खवट, तळाशी लागलेल्या दुधाचा करपट. ही केवळ विशेषणे नव्हेत; वासाचे कारण शब्दातच सांगितलेले असते. कुबट म्हटले की ओल, खवट म्हटले की जुने तेल, करपट म्हटले की आच. स्वयंपाकघरात या शब्दांवर रोज निदान होते. मात्र यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत या सर्वांची बोळवण ‘दुर्गंध’ या एका शब्दावर होते. त्याची किंमत माणसांना मोजावी लागते, असे आमचे मत आहे.

उदाहरण सीपॅप यंत्राचे घेऊ. झोपेत घसा मिटून श्वास वारंवार थांबण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, आता आपल्याकडेही अनोळखी राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये त्यावरचा उपाय प्रसिद्ध केला : मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. या हवेने नाक कोरडे पडू नये म्हणून ती टाकीतल्या कोमट पाण्यावरून नेतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, जेथे डब्यातले पापडही सादळतात, तेथे ही टाकी रात्रीच्या उरलेल्या पाण्यासह बंद राहिली तर ती कुबट होणारच.

आमच्या परिचयातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तो वास मारण्यासाठी पाण्यात निलगिरीचे थेंब घातले. खोकला सुरू झाला आणि यंत्र माळ्यावर गेले. घोरणे परतले, भरदुपारी गाडी चालवताना डोळे मिटू लागले. हा विकार उपचारावाचून राहिला तर रक्तदाब व अपघात यांचे भय असते, हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की टाकीतले सुगंधी तेल थेट श्वासात जाते. पुस्तिकेत ते छापलेले होते, पण इंग्रजीत, बारीक टायपात.

मराठी पुस्तिका मिळाली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. त्यात ‘ऊर्ध्वपातित जल’ असेल, तर ते महाद्वार रोडवरच्या कोणत्या दुकानात मागायचे? औषधांच्या दुकानात ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हटले की कळते. (इन्व्हर्टरसाठी मिळणारे ‘बॅटरीचे पाणी’ ते हे नव्हे, हेही लिहायला हवे, कारण माणसे तेच आणतील.) उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात आणि टाकीच्या तळाशी पांढरा थर धरतो. हे वाक्य कोणत्याही परिभाषाकोशाशिवाय लिहिता येते.

उपयोजित मराठीच्या तासाला बातमी, जाहिरात, इतिवृत्त लिहून घेतात. तेथे असे एक पानही लिहून घ्यावे. त्यात वासांची नावे आधी यावीत आणि उपाय मागून.

कुबट वास : सकाळी उरलेले पाणी ओतून द्यावे. टाकी कोमट पाणी व भांड्यांच्या सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवावी, झाकणाच्या रबरी कडेखालची बुळबुळ काढावी आणि टाकी उघडी ठेवून सावलीत वाळवावी. नळीही टांगून वाळवावी. नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास : पाणी बदलावे. आंबूस वास : बहुधा क्षार काढण्यासाठी वापरलेले व्हिनेगर नीट खंगाळले गेलेले नाही. घामट, तेलकट वास : टाकी निर्दोष आहे, मुखवट्याची गादी धुवावी. उदबत्तीचा, फोडणीचा किंवा कांदा-लसूण चटणीचा वास : येथेही टाकीला बोल लावू नये. यंत्र खोलीतलीच हवा ओढते. त्याची जागा बदलावी, हवेची गाळणी पाहावी.

ओझोनने वास घालवणाऱ्या उपकरणांचा मोहही टाळावा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्येच त्यांबाबत सावध केले होते. पुढे जून 2021 मध्ये फिलिप्सने आतल्या फोमचा चुरा होत असल्याने लाखो यंत्रे परत बोलावली, तेव्हा ओझोनमुळे हा चुरा वाढू शकतो असे कंपनीनेच सांगितले. म्हणून हवेच्या वाटेत काळे कण दिसले तर धूत बसू नये, डॉक्टरांना व विक्रेत्याला दाखवावे.

आणि करपट वास आला, तर पाणी, साबण, व्हिनेगर यांतले काहीही न करता आधी बटण बंद करून प्लग काढावा.