विश्लेषण : जन्मदर घटला, तरी लोकसंख्या का वाढते? दोन अपत्यांची सक्ती हा उपाय आहे का?

एप्रिल २०२३ मध्ये चीनला मागे टाकून भारत जगातील सर्वाधिक लोकसंख्येचा देश झाला. तेव्हापासून ‘दोन अपत्यांचा कायदा करा’ ही जुनी मागणी पुन्हा जोर धरू लागली आहे. लोकलमधील गर्दी आणि नोकरीच्या एका जागेसाठी येणारे शेकडो अर्ज पाहून ती अनेकांना पटतेही. मात्र आकडेवारी तपासली, तर हे औषध चुकीच्या दुखण्यावर दिले जात असल्याचे दिसते.

जन्मदराची स्थिती काय?

एक स्त्री सरासरी किती मुलांना जन्म देते, यावरून एकूण प्रजनन दर ठरतो. तो २.१ असेल, तर एका पिढीची जागा पुढची पिढी घेते आणि लोकसंख्या कालांतराने स्थिरावते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये देशाचा दर ३.४ होता. २०१९-२१ मध्ये तो २.० वर आला. महाराष्ट्रात तो १.७ आहे, बिहारमध्ये अजूनही ३.० आहे. म्हणजे बहुतांश राज्यांनी कोणत्याही सक्तीविना दोन अपत्यांचे उद्दिष्ट गाठले आहे.

मग लोकसंख्या का वाढते?

धावत्या गाडीला ब्रेक लावला तरी ती जागीच थांबत नाही. मागील पिढ्यांत जन्मलेली मोठी तरुण लोकसंख्या आज लग्नाच्या आणि अपत्याच्या वयात आहे. प्रत्येक जोडप्याने दोनच मुले होऊ दिली, तरी जोडप्यांची संख्याच प्रचंड असल्याने एकूण आकडा वाढत राहतो. शिवाय आयुर्मानही वाढले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला भारताची लोकसंख्या १७० कोटींच्या आसपास पोहोचेल आणि त्यानंतर घटू लागेल.

मुंबई-पुण्यातील गर्दीचे काय?

ती मुख्यतः जन्मदराची नाही. महाराष्ट्राचा जन्मदर घटूनही शहरे फुगत आहेत, कारण रोजगार मोजक्याच ठिकाणी एकवटला आहे. गावात काम नसले की माणूस शहराची वाट धरतो. त्यावर उपाय रोजगार, घरे आणि सार्वजनिक वाहतुकीत शोधावा लागेल.

सक्तीचा अनुभव काय सांगतो?

आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषांची संख्या मोठी होती. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. त्याचा कायदा मात्र झाला नाही. त्या धसक्याने पुरुष नसबंदीपासून दूर गेले, ते आजतागायत. ताज्या सर्वेक्षणात नसबंदी करून घेतलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, तर पुरुषांची नसबंदी अवघी ०.३ टक्के. वास्तविक पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असते.

दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीतून अपात्र ठरवणारा नियम महाराष्ट्रासह काही राज्यांत आला. अशा नियमाचा निर्मला बुच यांनी पाच राज्यांत अभ्यास केला. पद वाचवण्यासाठी पत्नीला सोडून देणे, मूल दत्तक देऊन टाकणे, गर्भपात करायला लावणे असे प्रकार त्यात आढळले. नियम कागदावर सर्वांसाठी सारखा असला, तरी त्याची किंमत स्त्रियांनीच मोजली. आंध्र प्रदेशाने तर २०२४ मध्ये हा नियम रद्दही केला.

खरा उपाय कोणता?

मुले किती, याइतकेच पहिले मूल कोणत्या वयात, हे महत्त्वाचे आहे. प्रत्येक पिढीत आई १८ व्या वर्षी झाली, तर ७२ वर्षांत चार पिढ्या होतात. २४ व्या वर्षी झाली, तर तीनच. मुले दोनच असली तरी वाढीचा वेग असा कमी होतो.

महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आहे. बीड आणि परभणीत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे. ऊसतोडीची उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला मिळते, त्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकले जाते. तिथे दोन अपत्यांच्या कायद्याचा काय उपयोग? तिथे हवे आहे हंगामी वसतिगृह, दहावीनंतरही सुरू राहणारे शिक्षण आणि गावातून सुटणारी एसटी. न शिकलेल्या स्त्रियांमध्ये प्रजनन दर २.८ आहे, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांमध्ये १.८.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, ते स्त्रीला स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेता यावा म्हणून. शंभर वर्षांनंतरही लोकसंख्येच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. मुलीला शाळेत टिकवणे आणि पुरुषाला कुटुंब नियोजनात जबाबदार धरणे, ही कामे कायदा करण्यापेक्षा कठीण आहेत. आकडे मात्र त्यांच्याच बाजूने आहेत.