न निघालेला प्रवासी

मंडळी, माणूस एसटीने जातो की काळीपिवळीने, हा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटतो. पण असल्याच प्रश्नांच्या अभ्यासासाठी डॅनियल मॅकफॅडन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाला २००० साली नोबेल मिळालं! सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को भागात 'बार्ट' ही नवी रेल्वे येणार होती. ती धावण्याआधीच त्यांनी लोकांना विचारून गणित मांडलं. खर्च किती, गाडीत वेळ किती, चालायचं किती, वाट किती पाहायची... सरकारी अंदाज होता की १५ टक्के लोक रेल्वेने जातील. यांचं उत्तर आलं ६.३. प्रत्यक्षात निघाले ६.२.

आता हेच गणित आपल्या माहूरला लावून बघू. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग काळीपिवळी ओस पडायला हवी होती. ती तर अजून दाटीवाटीने भरून जाते! कारण ती डोळ्यांसमोर उभी असते. एसटी येईल की नाही याची खात्री नसेल, तर फुकटचा पास खिशात ठेवून करायचं काय? अभ्यासकही सांगतात, थांब्यावरची दहा मिनिटं माणसाला गाडीतल्या वीस मिनिटांइतकी जड जातात. आमच्याकडे तर हिशेब तासांचा.

जिल्ह्याचं ठिकाण नांदेड, सुमारे सव्वाशे किलोमीटर. एका सहीसाठी अख्खा दिवस, आणि परतीची गाडी चुकली तर रात्रही. म्हणून कागदावर नांदेडचा असलेला माणूस औषधपाण्याला पैनगंगा ओलांडून पुसदची वाट धरतो. यात अडाणीपणा नाही, चोख हिशेब आहे.

पण मला सलते ती वेगळीच गोष्ट. एसटी आणि काळीपिवळी यांच्यापलीकडे तिसरा पर्याय असतो, न जाण्याचा. संध्याकाळची गाडी नाही म्हणून दहावीनंतर घरी बसलेली तांड्यावरची पोर, 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणत दुखणं अंगावर काढणारी म्हातारी. कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये यांची नोंद होत नाही. मग 'या मार्गावर प्रवासीच नाहीत' म्हणून फेरी बंद करायला आपण मोकळे!

माझं म्हणणं एवढंच, की सवलत जरूर द्या, पण त्याआधी वेळेची खात्री द्या. तांड्या-पोडांवर मुक्कामी गाडी पाठवा. नवरात्रात, दत्तजयंतीला जादा गाड्या सोडता येतात, मग उरलेल्या वर्षात शाळेच्या वेळेची एक फेरी का सांभाळता येऊ नये? आणि पाहणी करायचीच असेल तर स्टँडवर नको, घरोघर जाऊन करा. स्टँडवर भेटतो तो कसाबसा का होईना, निघालेला असतो. न निघालेला घरातच सापडेल.

असो. तुमच्याही घरात कुणी गाडीअभावी जायचं राहिलं असेल. आठवून बघा.