लोखंडाची लाज कशाला?

स्वस्त वस्तूविषयी आपल्या मनात एक जुनी अढी आहे. जे महाग ते अस्सल, जे दुर्मिळ ते गुणकारी, असे आपण धरून चालतो. वैद्याने सुवर्णभस्माची पुडी दिली की अर्धा आजार घरी पोचेपर्यंतच बरा होतो. तोच वैद्य सुंठ उगाळून घ्या म्हणाला, की आपण दुसरा वैद्य शोधू लागतो. ही खोड घरापुरती असेल तर हसून सोडून द्यावी. पण ती शास्त्रात आणि सरकारी खर्चात शिरली की तिच्याशी भांडणे प्राप्त आहे. पाण्यापासून हायड्रोजन काढण्याच्या चर्चेत ती शिरली आहे, म्हणून हा भांडणाचा लेख. फराळाच्या ताटात भांडण वाढल्याबद्दल वाचकांनी राग मानू नये. चिवड्यात मिरची असतेच.

प्रश्न साधा आहे. उन्हाची वीज दुपारी उदंड, आणि नेमकी दिवेलागणीला नाहीशी. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोमाने फिरतात, मग त्यांचा जोर ओसरतो. ही वीज एका रात्रीपुरती बॅटरीत ठेवता येईल. महिनोन्महिने ठेवायची, किंवा खताच्या कारखान्याला कच्चा माल म्हणून द्यायची, तर दुसरी युक्ती हवी. ती अशी, की वीज पाण्यातून सोडायची, पाण्याचे हायड्रोजन आणि प्राणवायू असे दोन भाग करायचे, आणि हायड्रोजन साठवायचा. शाळेत हा प्रयोग मुले पाहतातच. एक नळी भरते तेव्हा दुसरी अर्धीच भरलेली असते, आणि मागच्या बाकावरचा एखादा हमखास विचारतो, "गुरुजी, ही नळी गळकी आहे का?"

पुस्तकाप्रमाणे पाणी फुटायला १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात पाणी इतके भिडस्त नाही. विशेषतः प्राणवायूच्या बाजूला ते हटून बसते. हा हट्ट कमी करते ती विजेच्या पत्र्यावरची धातू. भावाभावांची वाटणी शांतपणे करून देणारा आणि स्वतः वाटणीतले भांडेसुद्धा न घेणारा पंच असतो ना, तसे तिचे काम. तिलाच उत्प्रेरक म्हणतात. पंच चांगला असेल तर वीज कमी लागते, वाईट असेल तर ती उष्णता होऊन फुकट जाते. आजच्या यंत्रांना एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि त्या किलोत उपयोगी पडणारी ऊर्जा सुमारे ३३ युनिटांची. तेव्हा पंच नेमताना डोळे उघडे ठेवलेले बरे.

पंचांची दोन घराणी आहेत. एका प्रकारच्या यंत्रात आम्लधर्मी पडदा असतो. तिथे साध्या धातू विरघळून जातात, म्हणून प्राणवायूच्या बाजूला इरिडियम आणि हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम लावावे लागते. दुसऱ्या प्रकारात पाण्यात कॉस्टिक पोटॅश असते, आणि तिथे निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडावर भागते. पहिले यंत्र आटोपशीर आणि दिसायला देखणे. दुसरे जुने, बोजड. कोणी कौतुकाने छायाचित्र काढावे असे नव्हे.

आता इरिडियमचा हिशेब मांडू. साऱ्या जगात ते वर्षाला सात-आठ टनच निघते, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींचे जोडउत्पन्न म्हणून. भाव वाढला तरी एकटे इरिडियम जास्त खणता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सरकारने १९,७४४ कोटी रुपयांची राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन हे तिचे उद्दिष्ट. त्यासाठी निदान ६० गिगावॅटची यंत्रे हवीत. एका गिगावॅटला आजच्या रीतीने साधारण ४०० किलो इरिडियम लागते. म्हणजे २४ टन. साऱ्या जगाचे तीन वर्षांचे पीक एकट्या हिंदुस्थानला! हे प्रमाण खाली आणण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते खाली येईलही. पण तेलासाठी परदेशांच्या तोंडाकडे पाहणे नको म्हणून जो उद्योग आरंभायचा, तो चार खाणींच्या दारात नेऊन उभा करायचा, याला शहाणपण कसे म्हणावे?

आणि निकेल-लोखंडाचा मार्ग आपल्याला नवा नाही. पंजाबात नांगल येथे भाक्राच्या विजेवर पाणी फोडून त्या हायड्रोजनपासून खत बनवले जात होते. त्याच हायड्रोजनमधून १९६२ पासून जड पाणीही काढू लागले. नॉर्वेत रयुकानजवळ हे काम त्याच्याही तीस वर्षे आधीपासून चालले होते. १९४३ साली तिथले जड पाणी उद्ध्वस्त करणाऱ्या वीरांवर चित्रपट निघाले. शेतकऱ्याला खत देणाऱ्या हायड्रोजनवर एकही कथा लिहिली गेली नाही. आम्हां कादंबरीकारांची नजरच तशी. नांगलला पुढे वीज दुर्मिळ आणि महाग झाली, कारखाना आधी खनिज तेलाकडे, मग नैसर्गिक वायूकडे वळला. पाणी फोडण्याचे काम मागे पडले ते विजेच्या भावामुळे. पत्र्यांनी दगा दिला म्हणून नव्हे.

प्रतिपक्षाचे म्हणणे मात्र मी लपवणार नाही, कारण त्यात दम आहे. भाक्राची वीज संथ आणि अखंड होती. ऊन आणि वारा लहरी. ढग आला की वीज घसरते, आणि जुन्या यंत्रात प्रवाह फार कमी झाला की दोन्ही वायू एकमेकांत मिसळण्याचा धोका वाढतो. यंत्र वरचेवर बंद-चालू केले की उलटा प्रवाह वाहून पत्रे खराब होतात. इरिडियमचे यंत्र हे चढउतार सहज सोसते. अगदी मान्य. पण यावरून जुन्या यंत्राचा पडदा आणि पत्रा सुधारावा असे निष्पन्न होते. धातू टाकून द्यावी असे नव्हे. चीनने क्षारीय यंत्रांचाच सपाटा लावला आहे, तो काही भाबडेपणाने नव्हे.

दुसरी एक जमात आहे, ती स्वस्त धातूचीच भक्त. पण तिला रोज नवी स्वस्त धातू हवी. वर्तमानपत्रात दर पंधरवड्याला बातमी असते, की अमक्या प्रयोगशाळेत चमत्कारिक उत्प्रेरक सापडला. बातमी तळापर्यंत वाचावी, तर तो शंभर तास टिकला. शंभर तास म्हणजे चार दिवस! चार दिवस तर सासूचेही असतात. वर्षाचे तास ८,७६० आणि कारखान्यातल्या क्षारीय यंत्राकडून अपेक्षा साठ हजार तासांची. चार दिवसांच्या पाहुण्याला घराची किल्ली कोण देईल?

उलट, टिकाऊ धातूचा गुण कळायला आपल्याला किती उशीर लागला ते पाहा. निकेल आणि लोखंडाची बॅटरी एडिसनने विसाव्या शतकाच्या आरंभीच केली होती. पण निकेलच्या पत्र्यावर प्राणवायू इतका सहज का सुटतो, याचे मर्म १९८७ साली कॉरिगन या संशोधकाने दाखवले. पोटॅशच्या पाण्यात लोखंडाचा किंचित अंश मळासारखा आलेला असतो, आणि तोच निकेलमध्ये शिरून कामाला जोर आणतो. ज्याला अशुद्धी म्हणून हिणवायचे तोच घरचा कर्ता निघाला!

निसर्गाने तर ही लाज कधी बाळगलीच नाही. दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून वाटतो. त्या पानात सोन्याचा कण नसतो, पण झाडावर असताना ते उन्हात पाणी फोडत असते, आणि ते काम करतात मँगनीजचे चार अणू व कॅल्शियमचा एक. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघते तेच हे मँगनीज. मात्र एक भेद विसरू नये. पानातले हे यंत्र कडक उन्हात सारखे बिघडते आणि पान ते सारखे नवे बांधून घेते. आपल्या पत्र्याला ती विद्या नाही. म्हणून पानाची नक्कल केल्याच्या बातम्यांनी हुरळून जाऊ नये; टिकण्याचा प्रश्न तिथेही तसाच उभा आहे.

तेव्हा मागणे एवढेच. सरकारी पैसा ज्या यंत्राला मिळेल, ते निकेल-लोखंडाचे असो की आणखी कशाचे, ते उन्हाच्या नाहीतर वाऱ्याच्या लहरी विजेवर निदान दहा हजार तास चालवून दाखवावे. किती वीज घेतली, किती वेळा बंद पडले, पत्रा कितपत झिजला, याची वही सर्वांसाठी उघडी ठेवावी. साताऱ्याच्या पठारावर वारा आहे, सोलापूरकडे ऊन आहे. जागेची अडचण नाही. नांगलच्या जुन्या यंत्रांचे अनुभव कुठल्या दप्तरात धूळ खात पडले असतील, तर तेही याच निमित्ताने बाहेर काढावेत. ती यंत्रे चालवणारी माणसे आता फार थोडी उरली असतील.