अस्वलाच्या पंजात मलम नसतं

परवा एका लग्नात (वर्धा रोडवरचं लॉन, जेवणात वडाभात, बाकी डिटेल्स विचारू नका) आमच्या एका काकूंनी गाठलंच. "काय रे, तू म्हणे रात्र रात्र कॉम्प्युटरवर काहीतरी खेळतोस? काय असतं त्यात?" मी खरं ते सांगितलं. "काकू, आधी मी अस्वल होतो. मग मांजर होतो. फारच अंगावर आलं तर चित्ता होऊन पळतो." काकूंनी आईकडे बघितलं. आईनं जिलेबीकडे.

तर मंडळी, खुलासा. गेमचं नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आला आणि अजून टिकून आहे. सुरुवातीला त्यात नऊ प्रकारची पात्रं होती, गेमच्या भाषेत नऊ क्लास. वॉरियर तलवार घेऊन भिडतो, प्रीस्ट बरं करतो, मेज लांबून जादू फेकतो, रोग पावलांचा आवाज न करता मागून येतो. आणि एक असतो ड्रुइड. हा रूपं बदलतो. अस्वल झाला की टीमच्या वाटचा मार खातो, मांजर झाला (मांजर कसलं, चांगला बिबट्याच) की ओरबाडतो, चित्ता झाला की सुसाट सुटतो, पाण्यात शिरला की सी लायन होतो. मूळ रूपात आला की मंत्र म्हणून दोस्तांच्या जखमा भरतो.

ड्रुइड म्हणजे मूळचे प्राचीन ब्रिटन आणि गॉलमधले पुरोहित. ज्युलियस सीझरनंही त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. त्यांना खेळात उतरवून जनावरांची रूपं दिली ती अमेरिकनांनी, 1970 च्या दशकात, डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये. आपल्याला काय त्याचं नवल! दारात येणारा बहुरूपी आपल्या आजोबांनी पाहिलाय, आणि श्रीदेवीची 'नगीना' आपण (1986 पासून, टीव्हीवर, दर सुट्टीत) पाहिलीय. त्यात शहर पडलं नाग नदीच्या काठचं. मी ड्रुइड निवडला यात माझा दोष तो काय?

खरं सांगायचं तर निवडला नव्हताच. 2007 मध्ये मी इंजिनिअरिंगला होतो. त्या वर्षी जानेवारीत गेमचा बर्निंग क्रुसेड हा भाग आला आणि त्याबरोबर अरीना. छोट्या मैदानात दोघं विरुद्ध दोघं, तिघं विरुद्ध तिघं, नाहीतर पाच विरुद्ध पाच. माझा होस्टेलवरचा मित्र वॉरियर खेळायचा. त्याला आपण वॉरियरच म्हणू, कारण नाव छापलं तर तो मला सोडणार नाही. त्याला जखमा भरणारा पार्टनर पाहिजे होता. "तू ड्रुइड हो ना बे. कुठंही फिट होशील." झालं. दोनचा गजर लावायचो, कारण आमच्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. सर्व्हर अमेरिकेत, स्पीड 256 केबीपीएस, आणि सकाळी लेक्चरला दोघंही झोपेत. ते दिवस!

आता थोडी टेक्निकल बडबड. सहन करा, पुढे कामाला येणार आहे.

फंडा नंबर एक. रूप बदललं की बेड्या तुटतात. मेजनं पाय बर्फात गोठवू देत, नाहीतर कुणी पायावर वार करून लंगडं करू देत. तुम्ही अस्वल झालात की मोकळे. शिवाय मेज समोरच्याला चक्क मेंढी करून टाकू शकतो, पण जो आधीच जनावर झालाय त्याला मेंढी करता येत नाही. त्यामुळे अस्वल होऊन खांबामागे उभं राहणं ही ड्रुइडची सगळ्यात सेफ जागा.

फंडा नंबर दोन. हे फुकटात होत नाही. प्रत्येक वेळी जनावर व्हायला मॅना जातो. मॅना म्हणजे मंत्रांचं पेट्रोल. वर दीड सेकंद दुसरं काही करता येत नाही. ऑफिसात दीड सेकंद म्हणजे काहीच नाही. अरीनात तेवढ्यात मॅच संपू शकते.

फंडा नंबर तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचा. अस्वल असताना तुम्ही कुणाला बरं करू शकत नाही. चिलखत जाड, जीव भरपूर, पण मंत्र बंद. समोर दोस्त मरत असेल तर कातडं उतरवून उघड्यावर यावं लागतं. त्याला लाइफब्लूम नावाचा मंत्र द्यायचा, तो सात सेकंद चालतो. सात संपायच्या आत पुन्हा द्यायचा, एकावर एक असे तीन थर चढवायचे. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारखं डोक्यात सतत सात-सात मोजत राहायचं, आणि मधेच रोग अंगावर आला की पुन्हा अस्वल. अस्वल, माणूस, अस्वल, माणूस. नवशिके ड्रुइड मार खातात ते रूप बदलता येत नाही म्हणून नव्हे. एका रूपात उशिरापर्यंत बसून राहतात म्हणून.

हे मला पाठ होतं. असं मला वाटायचं.

कॉलेज संपलं. वॉरियर हिंजवडीला गेला, मी इथंच मिहानमध्ये चिकटलो. मैत्री वाढदिवस आणि फॉरवर्ड्सवर आली. मग आलं 2021. एप्रिलमधलं नागपूर आठवतंय ना? आठवून देणार नाही. वॉरियरचे बाबा इथं ॲडमिट झाले. तो पुण्यात स्वतः पॉझिटिव्ह, खोलीत बंद. आई घरी एकट्या. मग बेड शोधणं, फॉर्म भरणं, डबा, औषधं, सगळी पळापळ मी आणि त्याच्या मामांनी केली. बाबा गेले, तेव्हा घाटावरही आम्ही दोघंच होतो. फोनवर मी वॉरियरला फक्त कामाचं सांगायचो. हे झालं, ते झालं, तू काळजी करू नको. त्या पंधरा दिवसांत मी फुल्टू अस्वल होतो, आणि बरं झालं की होतो.

गडबड पुढं झाली. जूनमध्ये बर्निंग क्रुसेड जुन्या रूपात पुन्हा आलं, क्लासिक म्हणून. वॉरियरचा मेसेज: "येतो का?" चौदा वर्षांनी तीच जोडी. सर्व्हर आता युरोपातला, तिकडची संध्याकाळ म्हणजे आपले रात्रीचे अकरा. आठवड्याला किमान दहा मॅच खेळल्या तरच पॉइंट मिळतात, त्यामुळे भेट पक्की. डिस्कॉर्डवर आम्ही तास तास बोलायचो. रोगला कसं पकडायचं, ऑफिसातलं कोण किती येडं. पीजे तर विचारूच नका. बाबांचा विषय? एकदाही नाही. मला वाटायचं, मी त्याला बरं करतोय.

ऑगस्टमधली एक रात्र. सातवी मॅच, मैदान नाग्रँड. (नावावरून मी केलेला पीजे वॉरियरनं तोवर शंभरदा ऐकला होता.) चार खांब, समोर मेज आणि रोग. दार उघडलं, मी अस्वल होऊन खांबामागे. रोगनं वॉरियरला धरलं. आणि वॉरियर उभाच. वार नाही, पळणं नाही.

"अबे मार ना! उभा काऊन आहेस?"

काही नाही.

"नेट गेलं का बे?"

मग हळूच आवाज आला. "आई फोन करून राहिली. बाबांच्या फोनवरून." थोडं थांबून म्हणाला, "स्क्रीनवर 'बाबा' आलं ना बे."

त्याचा जीव एक तृतीयांशावर आला होता. हाताला सवय असते. मी कातडं उतरवलं, उघड्यावर आलो, लाइफब्लूम दिला. एक. दुसरा. तिसऱ्याच्या आत रोगनं मला गाठून स्टन केलं. स्टन म्हणजे काही सेकंद पुतळा, तेव्हा रूपही बदलता येत नाही. वॉरियर पडला, मागोमाग मी.

माझ्या तोंडावर वाक्य तयार होतं. "चल, टेन्शन नको घेऊ, नेक्स्ट." चार महिने असलीच वाक्यं मी त्याला देत होतो. त्या रात्री पहिल्यांदा ती मला ऐकू आली. खांबामागून बोलल्यासारखी.

मी म्हटलं, "आधी आईला फोन कर. मी आहे इथं."

वीस मिनिटांनी परत आला. आईंचा फोन डिस्चार्ज झाला होता, झोप लागत नव्हती, हाताशी होता तो फोन त्यांनी उचलला. एवढंच.

मग मी त्याला एप्रिलमध्ये न सांगितलेलं सांगितलं. बाबांच्या फोनचा चार्जर घरी राहिला होता, तो मी हॉस्पिटलच्या गेटवर देऊन आलो. तासाभरानं त्यांचा मला फोन. धाप लागत होती. म्हणाले, "चार्जर मिळाला. तू जेवला का?" माझं त्यांच्याशी तेच शेवटचं बोलणं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लागलो की मला रडू यायचं, आणि मला तर मजबूत राहायचं होतं ना!

तिकडे बराच वेळ शांतता. मग तो रडला. मग मीही. गेमच्या स्क्रीनवर आमची दोन पात्रं शहरात नुसती उभी, आजूबाजूनं पब्लिक उड्या मारत जातंय. तीन वाजेपर्यंत तो बाबांबद्दल बोलत होता, मी ऐकत होतो. उरलेल्या मॅच त्या आठवड्यात झाल्याच नाहीत. पॉइंट बुडाले. रेटिंगचंही त्या सीझनमध्ये काही खास झालं नाही, लगेच सांगून टाकतो.

दिवाळीत तो नागपूरला आला. सकाळी तर्री-पोहे खाल्ले, दोन प्लेट, नाक गळेपर्यंत. मग त्याच्या घरी गेलो. आई पूर्वीसारख्याच म्हणाल्या, "या, बसा." बाबांचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता. यावेळी आम्ही तिघंही त्याबद्दल बोललो.

तुमचं-आमचं काय वेगळं आहे हो? मीटिंगमध्ये एक रूप, घरी दुसरं, दोस्तांत तिसरं. त्यात वाईट काही नाही, अस्वल लागतंच. एप्रिल 2021 मध्ये मी अस्वल झालो नसतो तर कामं झाली नसती. पण त्या गेममध्ये एक नियम आहे, तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. अस्वल व्हायला मॅना लागतो. अस्वलातून मूळ रूपात परत यायला काहीच लागत नाही. एक बटण दाबायचं, बस्स.

काकू, कळलं का आता मी रात्री काय खेळतो ते?